मेन राजारामचं श्रेय नेमकं कुणाचं?

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: कोल्हापुरात भवानी मंडपाजवळच्या मेन राजाराम या शाळेची इमारत शाहू महाराजांनी आपल्या चिरंजीवांच्या नावानं उभी केली आणि मी मागच्या लेखात श्रेय दिलं चार्ल्स मँट या गोऱ्या इंजिनिअरला. शिवाय, ‘दगडांचं पुराण पुरे, बहुजनांची पोरं कशी शिकली ते लिहा.’ दुसऱ्या म्हणण्यात दम आहे. पहिलं मात्र सनावळीपुढं टिकत नाही.

शाहू महाराजांचा जन्म १८७४ चा, दत्तकविधान १८८४ चं, राज्याधिकार हाती आला १८९४ ला. गोपाळ कृष्ण गोखले त्याआधीच, १८८१ मध्ये, याच शाळेतून मॅट्रिक होऊन पुढं गेले होते. नावातले राजाराम म्हणजे १८९७ मध्ये जन्मलेले शाहूपुत्र नव्हेत, त्यांच्या आधीचे छत्रपती. युरोपच्या दौऱ्यात ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये ते गेले, वय अवघं वीस. अर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर दहन झालं, तिथं त्यांची छत्री आहे. पंचगंगेच्या घाटावरही परकी वाटणार नाही अशी! तिचा आराखडा मँटचाच. टाऊन हॉल, आजचं सीपीआर रुग्णालय, नवा राजवाडा हीसुद्धा त्याचीच कामं. तो १८८१ मध्ये वारला आणि राजवाडा १८८४ ला पुरा झाला. गोरा होता म्हणून त्याचं नाव खोडायचं का? पैसा दरबारचा, म्हणजे शेवटी रयतेच्या शेतसाऱ्याचा, हे मात्र मान्यच.

आता पोरांचं. इमारत कितीही देखणी असली तरी भुदरगड किंवा शाहूवाडीकडच्या पोरानं कोल्हापुरात राहायचं कुठं, जेवायचं कुणाकडं? ज्यांचा नातलग गावात, त्यांची सोय व्हायची. बाकीच्यांना वर्गापर्यंत पोचणंच मुश्कील. महाराजांनी नेमकं इथं बोट ठेवलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार बोर्डिंगं काढली म्हणून आज नाकं मुरडणारे भेटतात. त्या काळी एका पंगतीला बसायला किती जण तयार होते, हेही त्यांनी सांगावं. मधेच २६ जुलै १९०२ चा संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम आला, म्हणजे शिकलेल्या पोराला पुढं नोकरीचीही वाट झाली. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१७ चा.

तेव्हा महाराजांचं श्रेय शोधायचं तर भवानी मंडपापेक्षा दसरा चौकाच्या बाजूला या, त्या भागात बोर्डिंगं अजून उभी आहेत. पुढचा लेख त्यांच्यावरच लिहितोय. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांपैकी कुणी बोर्डिंगात राहिलं असेल, तर तिथलं जेवण, शिस्त, फी यांच्याबद्दल जे ऐकलं असेल ते जरूर कळवा. नावं छापणार नाही.