तिचा आजार आधी तिला कळायला हवा

माझ्या लेकीला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि ते तिला अगदी लहानपणापासून माहीत आहे. यावरून मला जेवढं ऐकून घ्यावं लागलंय तेवढं दुसऱ्या कशावरून नाही. "तिच्यासमोर नको गं बोलूस." "एवढ्याशा जिवाला घोर कशाला लावतेस?" "मोठी झाली की कळेलच." बोलणारी माणसं जवळची, जीव लावणारी. तरीही मला हे पटत नाही. का पटत नाही ते आज सविस्तर लिहिते.

एकतर हा आजार मुलापासून लपतच नाही. हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही, म्हणून दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. तारीख जवळ आली की ती मलूल होते, जिना चढताना मध्येच थांबते, चिडचिड करते. हे सगळं तिच्याच अंगात चाललेलं असतं. आपण गप्प बसलो तर मूल आपलं आपण कारण शोधतं. शाळेत जायच्याही आधी एकदा तिने मला विचारलं होतं, "मी खोटं बोलले म्हणून सुई टोचतात का?" त्यानंतर सांगायचं की नाही हा प्रश्नच माझ्यापुरता संपला.

तिला कळेल अशा शब्दांत सांगितलं: तुझ्या रक्तातल्या लाल पेशी लवकर मोडतात, म्हणून कुणीतरी दिलेलं रक्त आपण घेतो, आणि तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही. जरा मोठी झाल्यावर पुढचं सांगितलं. आई आणि बाबा दोघंही वाहक, म्हणजे मायनर. आम्हाला कसलाच त्रास नाही, पण अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात 4 पैकी 1 शक्यता असते की बाळाला मेजर असेल. हे बोलताना माझा आवाज कापत होता. तिचा लगेच प्रश्न, "मग दादाला कसं नाही?" दादाही वाहकच आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. (मूल होऊ देण्याआधी, आपण वाहक आहोत का हे कळण्यासाठी, दोघांनी एचबीए2 ची रक्ततपासणी करून घ्या, हे मी भेटेल त्याला सांगते. इथेही सांगते.)

खरं कारण मात्र याहून मोठं आहे, ते म्हणजे लोह. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण 200 मिलिग्रॅम लोह शरीरात येतं. शरीर दिवसाला जेमतेम 1-2 मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साठत जातं. ते काढायला रोज औषध घ्यावं लागतं, पाण्यात विरघळवून, रिकाम्या पोटी, खडूसारख्या चवीचं. रक्त चुकलं तर चार लोकांना दिसतं. हे औषध चुकलं तर कुणालाच काही दिसत नाही, तिला स्वतःलाही काही जाणवत नाही. फेरिटिन, म्हणजे साठलेलं लोह दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, गुपचूप वाढत राहतं. वयात येणारी मुलं नेमकं हेच औषध सोडतात. आज मी ग्लास हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहू शकते. उद्या ती शिकायला बाहेर पडली की कोण उभं राहणार? 'आई ओरडते म्हणून' घेतलेलं औषध तिथे टिकणार नाही. 'हे माझ्या हृदयासाठी आहे' हे पक्कं ठाऊक असलं तरच टिकेल.

म्हणून आता बरंच काही तिच्याकडे आहे. आपल्या वहीत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन ती स्वतः लिहिते. पिशवी लावायच्या आधी सिस्टरांसोबत लेबल वाचते: नाव, रक्तगट, पिशवीचा नंबर, तारीख. मध्यंतरी एका नव्या सिस्टरांनी मला विचारलं, "कुठल्या हाताला लावू?" ही पलंगावरून म्हणाली, "मला विचारा ना. डाव्या हाताची शीर मागच्या वेळी फुगली होती."

खरं सांगायचं म्हणजे सगळं एकदम सांगायचं असं नाही. तिने जेवढं विचारलं तेवढं, पण खोटं काही नाही. एका रात्री तिने विचारलं, "मी मरणार का?" मी म्हटलं, पूर्वी या आजाराची मुलं फार जगत नसत. आता रक्त आणि औषध नियमित मिळालं की ती मोठी होतात, नोकरी करतात, संसारही करतात. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आणि औषध नियमित नाही घेतलं तर?" तेही सांगितलं.

"बरी कधी होणार?" असं लोक तिच्यादेखत मला विचारतात. बरं होण्यासाठी बोन मॅरो (अस्थिमज्जा) प्रत्यारोपण लागतं, आणि त्यासाठी सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता 4 पैकी 1 असते. दादाचं जुळलं नाही. हे उत्तर ती स्वतः देऊ शकते, आणि माझ्यापेक्षा शांतपणे देते. तेव्हा कृपा करून मला बाजूला घेऊन कुजबुजत विचारू नका. तिला विचारा, आणि तिला बोलायचं नसेल तर विषय सोडा.

पुढच्या तपासणीपासून डॉक्टर थोडा वेळ तिच्याशी एकटीशीच बोलणार आहेत. पाळी, उंची, पुढे मूल होईल का, या सगळ्याचा संबंध त्या लोहाशी आहे, आणि हे प्रश्न तिच्या मनात आहेत हे मला कळतं. माझ्यासमोर नसेल विचारता येत, तर तिथे तरी तिने ते मोकळेपणाने विचारावेत.