शाल, श्रीफळ आणि कोहा

ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी एक दिवसीय कार्यशाळा भरवायचं मनावर घेतलंत, फार चांगलं केलंत. फक्त एक सांभाळा. आयोजकाचं जरा दुर्लक्ष झालं की लोक खरोखरच काहीतरी शिकून घरी जातात, आणि मग पुढच्या वर्षी कार्यशाळा कशासाठी घ्यायची हा पेच उभा राहतो.

निमंत्रणपत्र अध्यक्ष-सचिवांच्या नावे काढा. 'एक प्रतिनिधी पाठवावा' एवढंच लिहा. देवघेवीच्या टेबलावर जो बसतो त्यालाच पाठवा, असं चुकूनही लिहू नका. बहुतेक ठिकाणचे सचिव स्वतःच येतील, कारण त्यांचं त्या दिवशी जिल्ह्याच्या गावी दुसरंही काम निघतं. नाहीच आले तर ग्रंथपाल येईल. 'ड' वर्गाच्या, म्हणजे सरकारी प्रतवारीत सगळ्यांत खालच्या, वाचनालयात ग्रंथपाल, लेखनिक आणि झाडलोट करणारा हे तिघे मिळून एकच माणूस असतो, त्यामुळे त्या दिवशी दाराला कुलूप आणि वर चिकटवलेला कागद: 'ग्रंथपाल प्रशिक्षणास गेल्याने वाचनालय बंद'. प्रवासखर्चाचं मोघम ठेवा; 'नियमानुसार' हा शब्द त्यासाठीच आहे. 2022 मध्ये 60 टक्के वाढ मिळाली तेव्हा कुठे 'ड' वर्गाचं वार्षिक अनुदान 48,000 रुपयांवर पोचलं. त्यातला निम्मा वाटा वेतनाचा, म्हणजे महिन्याला 2,000. एवढ्या पगारावरच्या माणसाला कौशल्यवृद्धीचं महत्त्व पटवायला वक्ता दमदार हवा. तो सातव्या वेतन आयोगातला असला तर आवाजात कळकळ जास्त येते.

खर्चाची चिंता नको. कोलकात्याचं राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून ग्रंथालयांना मदत करतं आणि चर्चासत्र-कार्यशाळांसाठीही त्यांची योजना आहे. प्रस्ताव वेळेत पाठवावा लागतो, एवढीच काय ती अडचण.

उद्घाटनाची वेळ पत्रिकेत दहाची छापा, म्हणजे साडेअकराला सुरू होतं. दीपप्रज्वलनाआधी पंखे बंद करायची जबाबदारी एकावर टाका, नाहीतर सहा मान्यवर एकाच वातीभोवती काड्या ओढत उभे राहतात. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार, मग स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ. त्यानंतर प्रमुख पाहुण्यांनी रंगनाथन यांचे पाच सिद्धान्त समजावून सांगावेत. ते 1931 सालचे आहेत आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र वर्गापासून तोंडपाठ आहेत, म्हणूनच सांगावेत. त्यातल्या चौथ्या सिद्धान्तावर, म्हणजे 'वाचकाचा वेळ वाचवा' यावर, किमान पन्नास मिनिटं घ्यावीत. उरलेल्या वेळात 'वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे' हे पुस्तकं देण्याघेण्यात आयुष्य घालवलेल्या लोकांनाच बजावून सांगावं.

जेवण चांगलं ठेवा. अभिप्रायात पुढे तेच येणार आहे.

आता मुख्य विषय: ग्रंथालयाचं संगणकीकरण. तो अडीचला ठेवा. बासुंदीनंतरची ही वेळ संगणकाला फार मानवते. सभागृहात साठ माणसं, एक प्रोजेक्टर, आणि इंटरनेट तज्ज्ञांच्याच मोबाइलवरून. पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारी आज्ञावली 'कोहा' घ्या, कारण ती फुकट आहे, आणि फुकट वस्तूला लागणारा माणूसही फुकट मिळतो अशी आपली जुनी श्रद्धा आहे. तज्ज्ञांना सांगा, इतिहास सविस्तर घ्या: न्यूझीलंड, होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट, 2000 साली वापराला सुरुवात, पुढे जगभर प्रसार. इतिहासात चार वाजतात. नाहीतर कोणीतरी 'सर, आमच्या पुस्तकाची एक नोंद करून दाखवा' असं म्हणेल, आणि तिथून सगळं बिघडत जाईल.

कसं, ते सांगतो. नोंद करायची तर मार्क 21 चे, म्हणजे ग्रंथनोंदीच्या जगभर चालणाऱ्या साच्याचे, रकाने आले. लेखक 100 मध्ये, शीर्षक 245 मध्ये, आणि प्रत कुठे आहे, तिचा दाखल अंक, किंमत, बारकोड हे कोहाच्या स्वतःच्या 952 मध्ये. इथवर ठीक. मग कोणीतरी विचारतो की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसवरून तयार नोंद ओढून घेता येते ना? येते. पण मराठी पुस्तकाची नोंद तिथे बहुधा रोमन लिपीत, अक्षरांवर-अक्षरांखाली रेघा-टिंबं घेऊन येते, आणि आपला वाचक शोधणार देवनागरीत. म्हणजे टायपिंग आलंच. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या बाई हात वर करून म्हणतात, आमची सगळी यादी एक्सेलमध्ये तयार आहे. ही यादी दहा-बारा वर्षांपूर्वी श्रीलिपी या जुन्या धाटणीच्या फॉन्टात केलेली असते. म्हणजे पडद्यावर मराठी दिसतं, आत साठवलेली अक्षरं भलतीच असतात. ती तशीच कोहात घातली तर नुसत्या चिन्हांची रांग उमटते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्यावी, तर रफार घात करतो. जुन्या फॉन्टांत रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो आधी साठवावा लागतो. कच्च्या परिवर्तकातून 'कुलकर्णी' जातात आणि 'कुलकणीर्' होऊन बाहेर पडतात. मराठी लेखकांत कुलकर्णी किती, हे तुम्हाला सांगायला नको. वाचक नाव बरोबर टाइप करतो, संगणक 'आढळले नाही' म्हणतो, आणि पुस्तक त्याच्या पाठीमागच्या कपाटात असतं. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी असलेल्या नोंदी वेगळ्या काढून डोळ्यांनी तपासणं हा यावरचा उपाय. तो कार्यशाळेत सांगू नये, लोक लगेच वही काढतात.

आणखी काही गोष्टी झाकून ठेवा. सभासदाचा प्रकार, पुस्तकाचा प्रकार आणि देवघेवीचा नियम हे तिन्ही आधी भरले नाहीत तर कोहा पुस्तक द्यायलाच अडून बसते. दोनशे नोंदी करूनही पहिलं पुस्तक बाहेर जात नाही ते यामुळेच, आणि बरीच वाचनालयं इथूनच परत जाड नोंदवहीकडे वळतात. लिनक्सवर रीतसर बसवलेली कोहा रोज रात्री माहितीची प्रत काढून ठेवते खरी, पण त्याच संगणकात. हार्डडिस्क गेली की मूळही गेलं आणि प्रतही गेली. आठवड्यातून एकदा ती पेनड्राइव्हवर घेऊन पेनड्राइव्ह घरी नेणं, हे शिकवायला तीन मिनिटं लागतात. त्यासाठी कोणी शाल देत नाही.

गणित तर फळ्यावर मुळीच मांडू नका. पाच हजार पुस्तकं, नोंदीला पाच मिनिटं, म्हणजे साधारण 416 तास. देवघेव सांभाळून रोज दोन तास मिळाले तर 208 दिवस. यासाठी माणूस कुठून आणायचा, असं सचिवांनी भर सभेत विचारलं तर उत्तर देताना तुमचीच पंचाईत होईल.

पुस्तकदुरुस्ती हा विषय तर पत्रिकेत नकोच. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावली की काही वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो, पट्टी गळून पडते आणि डाग तेवढा राहतो. पातळ कागद आणि चिमूटभर मोरचूद घातलेली खळ यांनी तेच पान नीट बसतं, कसरही त्या खळीच्या वाट्याला जात नाही. पण यात पॉवरपॉइंट नाही, हात मात्र बरबटतात. फोटोत ते चांगलं दिसत नाही.

महाविद्यालयीन ग्रंथपालांना बोलावलं असेल तर मामला सोपा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांनी पहिल्या बढतीसाठी 21 दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि संगणकीकरणाचं किमान पाच दिवसांचं प्रशिक्षण घातलं आहे. त्यामुळे ते विषय विचारत नाहीत, प्रमाणपत्रावर दिवस किती लिहिणार एवढंच विचारतात. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकसाठी जिओटॅग असलेला, म्हणजे ठिकाणाची नोंद उमटलेला, फोटो मागतील, तो काढू द्या. ऑनलाइन उपक्रम असेल तर गूगल फॉर्मवर दहा प्रश्न आणि उत्तीर्णतेला चाळीस टक्के पुरे. मात्र साध्या खात्यावरून प्रमाणपत्रं आपोआप पाठवायला दिवसाला शंभर मेलचीच मर्यादा आहे. एकशे एकाव्यापासून 'प्रमाणपत्र आले नाही' असे फोन सुरू होतात, आणि वक्त्यांना एकही शंका न विचारलेली माणसं तेव्हा कमालीची चिकाटी दाखवतात.

छापील प्रमाणपत्रं समारोपाआधी वाटू नका, सभागृह रिकामं होतं. अभिप्रायाचा कागद त्यांच्यासोबतच द्या आणि पर्याय 'उत्तम' व 'अतिउत्तम' एवढेच ठेवा. तीन महिन्यांनी फोन करून 'किती नोंदी झाल्या' असं विचारणं असभ्यपणाचं आहे.

कोणीतरी उत्साही माणूस सुचवेल की साठ जणांऐवजी शेजारच्या पाच गावांचे पाचच बोलवू, सभागृहाऐवजी एखाद्या वाचनालयात बसू. प्रत्येकाने आपल्या दाखल नोंदवहीतली वीस पुस्तकं स्वतः भरावीत, एक सभासद करावा, पुस्तक द्यावं-घ्यावं, मग सगळं पुसून पेनड्राइव्हवरच्या प्रतीवरून परत उभं करावं. महिन्याने पुन्हा तिथेच जमून अडलेलं सोडवावं. त्याला शांतपणे विचारा: अध्यक्ष कुठे बसणार? बॅनर कुठल्या भिंतीला लावणार? आणि पाच माणसांच्या जेवणाचं बिल फाइलला लावलं तर वर कोण मंजूर करेल?

पुढच्या वर्षीचा विषय समारोपातच जाहीर करून टाका: 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ग्रामीण वाचनालये'. तज्ज्ञ हेच चालतील. त्यांना पहिली स्लाइड तेवढी बदलावी लागेल.