किलोमीटर नको, तास विचार

माझा भाचा पुण्याहून तीन मित्रांना घेऊन ऑगस्टच्या शेवटी माझ्याकडे स्वित्झर्लंडला येतोय. मॅटरहॉर्न या इथल्या शिखराच्या अगदी पायथ्याशी जाऊन एका दिवसात परत यायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलंय. परवा फोनवर त्याने विचारलं, "मावशी, किती किलोमीटर आहे?" मी म्हटलं, किलोमीटर नको, तास विचार.

झेरमाट गावाच्या स्टेशनावर उतरलं की आपण १,६०० मीटरवर असतो, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्याइतके उंच. तिथून केबलकारने श्वार्झझे, २,५८३ मीटर. खरी चाल तिथून सुरू होते आणि ३,२६० मीटरवरच्या हॉर्नली हटपाशी, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या घरापाशी, संपते. चढायला सव्वादोन ते अडीच तास. मध्ये कड्याला लावलेल्या लोखंडी जाळीच्या पुलांवरून चालावं लागतं, वरच्या टप्प्यात दोर धरावे लागतात. आजूबाजूला हिमनद्या पसरलेल्या आणि डोक्यावर ४,४७८ मीटरचा तो सुळका. पाटीवर जे तास लिहिलेले असतात त्यात विश्रांती धरलेली नसते, फोटोही नाहीत. आणि शेवटची केबलकार चुकली तर दमलेल्या गुडघ्यांनी आणखी हजारेक मीटर पायी उतरायचं. १८६५ साली मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा सात जण पोचले, त्यातले चौघे गेले ते उतरताना.

म्हणून मी आदली रात्र झेरमाटमध्येच ठेवलीय, सकाळी झ्युरिकहून निघून थेट तेवढ्या उंचीवर डोकं दुखतं. निघायचं पहिल्या केबलकारने, कारण उन्हाळ्यात इथे गडगडाट दुपारनंतर होतो. मुलांनी प्रवासविमा काढलाय, पण कित्येक विम्यांत उंचीची मर्यादा असते. ते कलम वाचून मला पाठवा, असं त्यांना बजावलंय. हेलिकॉप्टर आलं तर त्याचं बिलही येतं.

हे सगळं ठरवत असताना घरच्या ग्रुपवर दर पावसाळ्यातला वाद चालूच होता. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तेव्हापासून तो वाद जास्तच धारदार झालाय. एक बाजू म्हणते, पावसाळ्यात गड, धबधबे सगळं बंदच करा. दुसरी म्हणते, गड आमचे, आम्हाला अडवणारे तुम्ही कोण? मला दोन्हींत एकच गोष्ट खटकते. वाटेबद्दल कुणीच बोलत नाही. जमावबंदीचा एक आदेश निघतो आणि राजमाचीची मळलेली वाट नि धबधब्याखालचा शेवाळलेला कातळ एकाच मापाने मोजले जातात. ज्याला वाटेतला फरक कळतो तो त्या आदेशाला जुमानत नाही. ज्याला कळत नाही त्याला तो आदेश काहीच शिकवत नाही.

इथे स्वित्झर्लंडमध्ये फरक वाटेवरच रंगवलेला असतो. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, इथे पाय स्थिर हवेत आणि उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे दोर आणि बर्फाची सवय असणाऱ्यांची. अशा ६५,००० किलोमीटर वाटा आहेत आणि त्यांची काळजी घेणं हे सरकारी काम आहे. १९७९ साली लोकांनी मतदान करून पायवाटा राज्यघटनेत घातल्या, मग कायदा झाला. पायवाटेला राज्यघटनेत जागा असते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्यावर विचार करत होते.

पण इथलं सगळं उचलून सह्याद्रीत नेता येईल असं मी म्हणणार नाही. आपला पाऊस तासाभरात ओढ्याची नदी करतो, आणि हरिहरच्या कातळपायऱ्यांवर लागते तशी रांग कुठलाच रंगाचा पट्टा आवरू शकत नाही. गर्दीवर मर्यादा हवीच. ती इथेही आहे. हॉर्नली हट २०१५ मध्ये नव्याने उघडली तेव्हा खाटा वाढवण्याऐवजी १७० वरून १३० केल्या, आणि आसपास तंबू ठोकायला मनाई आहे. पण ही मर्यादा एका जागेपुरती आहे आणि तिचं कारण कुणालाही कळतं. २००३ च्या कडक उन्हाळ्यात खडकातला गोठलेला थर वितळून हटच्या वरच्या हॉर्नली धारेवर दरड कोसळली, तेव्हा वर अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं. डोंगर बदलतो तशी मर्यादाही बदलावी लागते.

एक गोष्ट मात्र इथे नाही, आणि ती मला फार आठवते. हरिश्चंद्रगडाला जाताना पायथ्याच्या पाचनई गावात कुणीतरी ओसरीवरून हाक मारून विचारतं, "कुठं निघालात? वर ढग उतरलाय, आज राहू द्या." इथे कुणी अडवत नाही. चुकलात तर तुमची चूक. आपल्याकडची पाटी म्हणजे तो ओसरीवरचा माणूस. त्याला भाकरीचे पैसे मिळतात, या माहितीचे मिळत नाहीत. वाटा रंगवायचं, त्या तपासायचं आणि पाऊस पाहून एखादी वाट त्या दिवसापुरती बंद करायचं काम पगार देऊन त्या गावांकडे द्या, एवढंच माझं मागणं आहे. बंदोबस्तावर खर्च होतोच आहे.

भाच्याला शेवटी एकच अट घातलीय. साडेबारा वाजले की जिथे असू तिथून मागे फिरायचं, हट समोर दिसत असली तरी. त्याने विचारलं, "आणि दहा मिनिटं राहिली असतील तर?"

तरीही, म्हटलं.