अर्ज नाकारा, पण कारण लिहा

मतदार नोंदणीच्या ऑनलाइन अर्जांवरून नाशिकच्या आमच्या नातेवाइकांत जोरात वाद चालतो आणि मी तो ब्रिटनमधल्या लेस्टरमध्ये बसून वाचते. निमित्त आळंद आणि राजुऱ्याचं. कर्नाटकातल्या आळंदमध्ये नावं वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत त्यांतले फक्त २४ खरे निघाले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात नवीन नोंदणीचे हजारो संशयास्पद अर्ज सापडले आणि गुन्हा दाखल झाला. पुढे २०२५मध्ये निवडणूक आयोगाने ऑनलाइन अर्जाला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन ई-स्वाक्षरी करायला लावली. घरातले निम्मे म्हणतात, हे आधीच व्हायला हवं होतं. उरलेले विचारतात, ज्या आजीचा मोबाइल आधारला जोडलेलाच नाही, तिने काय करायचं?

दोघांचंही म्हणणं मला पटतं. पण अर्ज कोणी केला एवढंच ओटीपीमुळे कळतं. त्यावर निर्णय कसा झाला, हे कळत नाही.

माझी मावशी पंचवटीतून पाथर्डी फाट्याला राहायला गेली. तिने पत्ता बदलायचा नमुना ८ ऑनलाइन भरला, लाइट बिल जोडलं. बीएलओ, म्हणजे घरोघरी पडताळणी करणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, दुपारी येऊन गेल्या, तेव्हा मावशी अंबडला कंपनीत होती. मग एक दिवस स्टेटस बघितलं तर अर्ज नामंजूर. आधी फोन नाही, दाराला चिठ्ठी नाही. त्या बीएलओ बाईंवर माझा अजिबात राग नाही. शाळा नाहीतर अंगणवाडी सांभाळून ही माणसं उन्हातान्हात दारं ठोठावतात. एका फेरीवर अर्ज निकालात काढला जातो, याचा मात्र संताप येतो.

इथे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही, राष्ट्रकुलातला म्हणून, मतदानाचा हक्क आहे. नोंदणी करताना मी नॅशनल इन्शुरन्स नंबर (इथला सरकारी क्रमांक) आणि जन्मतारीख देते. ताळा सरकार आपल्याच नोंदींशी घेतं. नाही जुळलं तर पुरावा मागतात, मगच ठरवतात. विचारल्याशिवाय नाकारायचं नाही, हे मला तिकडे हवंय. बाकी सगळं जसंच्या तसं उचलता येणार नाही. सातपूरला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, भाडेकरार नसलेल्या कामगाराच्या राहण्याची खात्री प्रत्यक्ष दारात जाऊनच होते. म्हणून बीएलओची फेरी राहायलाच हवी. पण घर बंद दिसलं तर फोन करावा, दुसऱ्यांदा जावं आणि दोन्ही वेळा नोंदवाव्यात.

नाव वगळण्याच्या नमुना ७ बाबत तर आणखी कडक राहायला हवं. माणूस त्या पत्त्यावर राहत नाही म्हणून नाव काढायचं असेल, तर आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी, असं १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २२ सांगतं. मग अर्ज आल्या क्षणी त्या मतदाराच्या मोबाइलवर मराठीत मेसेज का जाऊ नये? मोबाइल नसेल तर घरी नोटीस जावी.

नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, त्यानंतर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. मावशीला हे ठाऊकच नव्हतं. नामंजुरीच्या मेसेजमध्ये नेमकं कारण, अपील कुठे करायचं आणि शेवटची तारीख, एवढं छापून यायला हवं.