करड्या ठिपक्याबद्दल आणखी थोडं

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अटारी या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या प्रोग्रामरांनी गेममध्ये साहेबाचं नाव कसं घुसडलं, स्वतःचं नाव कसं लपवलं, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं आणि त्यांचं कौतुकही केलं. तुम्हाला ते खटकलं. ज्याचं मीठ खायचं त्याचीच टवाळी, तीही त्याच्याच पैशावर आणि चोरून, ही हरामखोरी आहे. पटत नव्हतं तर राजीनामा द्यायचा होता, असं तुम्ही म्हणता. शेवटी हिरोजी इंदुलकरांचा दाखला दिलात. रायगड बांधणाऱ्या माणसाने जगदीश्वराच्या पायरीवर आपलं नाव कोरलं, पण ‘सेवेचे ठायी तत्पर’ असं.

आधी राजीनाम्याचं बोलू, कारण तो खरंच दिला गेला होता. वॉर्नर या मोठ्या मनोरंजन कंपनीने १९७६ मध्ये अटारी विकत घेतली आणि १९७८ मध्ये कापड धंद्यातले रे कसार तिथे प्रमुख झाले. १९७९ मध्ये मार्केटिंगवाल्यांनी कुठली कॅसेट (म्हणजे गेमचं काडतूस) किती खपली याचा कागद आत फिरवला. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी तो पाहिला आणि विक्रीतला मोठा वाटा आपल्याच गेमचा आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. ते सरळ कसारकडे गेले. खोक्यावर नाव आणि विक्रीत थोडा हिस्सा, एवढंच मागणं होतं. क्रेन यांनी नंतर अनेकदा सांगितलंय, की उत्तर मिळालं ते असं: कॅसेट जुळवणारा कामगार जेवढा महत्त्वाचा, तेवढेच तुम्ही. चौघांनी नोकरी सोडून ॲक्टिव्हिजन ही स्वतःची गेम कंपनी काढली. तिथे खोक्यावर गेम करणाऱ्याचं नाव आणि माहितीपुस्तिकेत त्याचा फोटो असायचा. अटारीने त्यांना कोर्टात खेचलं. म्हणजे तुम्ही सुचवता तो सरळ मार्गही त्या माणसांनी धरून पाहिला होता.

आता अटारीतलेच प्रोग्रामर वॉरन रॉबिनेट. तुमचा सगळ्यात जास्त राग त्यांच्यावर दिसतो. ‘ॲडव्हेंचर’ हा गेम त्यांनी एकट्याने केला. किल्ले, चक्रव्यूह, तीन ड्रॅगन, वस्तू उचलून पळणारं वटवाघूळ, हे सगळं ४ किलोबाइटमध्ये. एवढ्या जागेत हे बसणार नाही, याच्या नादी लागू नकोस, असं वरिष्ठांनी सांगितलेलं असताना त्यांनी ते बसवलं. पगार वर्षाला सुमारे २२,००० डॉलर. गेमच्या सुमारे दहा लाख प्रती खपल्या, त्यातला एक पैसाही त्यांना मिळाला नाही आणि नाव कुठेच नाही.

मग त्यांनी काय केलं, हे तुम्ही एकदा स्वतः खेळून बघा अशी माझी विनंती आहे. काळ्या किल्ल्याच्या चक्रव्यूहात एक बंद खोली आहे. तिला दार नाही. पूल उचलून न्यायचा, भिंतीवर आडवा टाकायचा आणि आत शिरायचं. आत एक ठिपका आहे, फक्त एका पिक्सेलचा, आणि त्याचा रंग जमिनीइतकाच करडा. म्हणजे डोळ्यांना दिसत नाही, चाचपत फिरताना हाती लागतो. तो घेऊन पिवळ्या किल्ल्याजवळच्या एका खोलीत यायचं आणि तिथे आणखी वस्तू आणून ठेवायच्या. अटारीच्या त्या गेम यंत्राला एका वेळी अशा दोनच वस्तू नीट दाखवता यायच्या, तिसरी आली की सगळं लुकलुकायला लागायचं. इथे उजवीकडची रेघही लुकलुकते, आणि आपण तिच्यातून आरपार जातो. पलीकडच्या खोलीत रंग बदलत चमकणारी उभी अक्षरं: हे वॉरन रॉबिनेट यांनी बनवलं.

यात टवाळी कुठे आहे? साहेबाला शिवी नाही, कंपनीबद्दल वाकडा शब्द नाही, खेळणाऱ्याचं काही नुकसान नाही. ही सही आहे. दारातून येऊ दिली नाही म्हणून ती भिंतीतून आली. रॉबिनेट यांनी सहकाऱ्यांनाही हे सांगितलं नाही. ते नोकरी सोडून गेल्यावर युटामधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाचं पत्र अटारीला आलं, तेव्हा कंपनीला कळलं. आतल्याच एका व्यवस्थापकाने, स्टीव्ह राइट यांनी, ते राहू द्यावं असं म्हटलं. ईस्टरला मुलं लपवलेली अंडी शोधतात, तशी गंमत खेळणाऱ्यांना मिळेल. ‘ईस्टर एग’ हा शब्द गेमच्या जगात तिथूनच रुळला.

अटारीचेच प्रोग्रामर हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांचं मात्र वेगळं आहे, ते मी मान्य करतो. १९८२ च्या ‘यार्स रिव्हेंज’मध्ये नायक म्हणजे एक माशी, तिचं नाव यार, आणि तिच्या जगाचं नाव रझाक. इंग्रजी अक्षरं उलटी वाचा: यारचं रे होतं, आणि रझाक हे कसार उलटं म्हटल्यासारखंच. नाव कुणी बदलू नये म्हणून त्यांनी मार्केटिंगच्या माणसाला विश्वासात घेऊन सांगितलं, की हे साहेबांचंच नाव आहे आणि साहेबांना ते माहीत आहे. ही थाप होती, आणि थाप ती थापच. पण त्या गोष्टीत साहेबाच्या नावाची माशी लढते आणि सूड घेते, ती नायक आहे. साहेबाचा एवढा मान राखणारी टवाळी मला तरी दुसरी आठवत नाही.

एका बाबतीत तुमचं पूर्ण बरोबर आहे आणि माझ्या लेखात ते यायला हवं होतं. १९९६ च्या ‘सिमकॉप्टर’ या गेममध्ये त्याचे प्रोग्रामर जॅक सर्विन यांनी कुणाला न विचारता चुंबन घेणारे पुरुष घातले, आणि त्यामागे कामाच्या ओझ्याचा राग हेही एक कारण असल्याचं सांगितलं. हजारो प्रती बाजारात गेल्यावर ते उघड झालं आणि नोकरी गेली. भांडण मालकाशी आणि खिशाला चाट मात्र गिऱ्हाइकाच्या, त्याने न मागितलेल्या गोष्टीसाठी. तिथे मी तुमच्या बाजूचा आहे.

साहेबाने मनात आणलं तर काय होतं, तेही सांगतो. १९९४ च्या ‘डूम २’ या गेममध्ये शेवटच्या राक्षसाच्या आत तो बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जॉन रोमेरो, यांचं मुंडकं सहकाऱ्यांनी गुपचूप बसवलं. रोमेरोंना ते सापडलं. त्यांनी ते काढलं नाही. उलट स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून उलटा वाजवला: जिंकायचं तर मला, जॉन रोमेरोला, मारावं लागेल. त्या ऑफिसात सगळ्यांची नावं गेमवर होती. तिथली थट्टा म्हणून थट्टाच राहिली.

हिरोजींचा दाखला तुम्ही माझ्याविरुद्ध दिलात, पण मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. त्यांना पायरी मिळाली. महाराजांच्या डोळ्यांदेखत, देवळाच्या दारात, लोकांचे पाय लागतील तिथे नाव कोरता आलं, म्हणून ‘तत्पर’ हा शब्द मनापासून आला. रॉबिनेटना तेवढीच एक पायरी कुणी दिली असती तर करड्या ठिपक्याची गरजच पडली नसती.

हे मी इतक्या कळकळीने का लिहितोय ते सांगतो. माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही तिघांनी सात महिने एक काम केलं. गिऱ्हाइकाला देण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक फाइलच्या माथ्यावरची आमची नावं पुसायला सांगितली. मीच बसून पुसली, एकेक ओळ. रात्रीचे दोन वाजले. आजही ती ओळ पुसताना दाबलेली कळ बोटाला आठवते.

तुम्ही ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली असं लिहिलंत. माझ्या वडिलांच्या ओळखीत डाय बनवणारे एक कारागीर होते. डायच्या खालच्या बाजूला, प्रेसवर चढवल्यावर कुणालाच दिसणार नाही अशा जागी, ते पंचने आपल्या नावाची दोन अक्षरं मारायचे. तुम्ही कधी मारली होती का? मारली असतील तर कुठे, ते वाचायला मला फार आवडेल.