जोखीम त्यांची, शोधनिबंध आपला

सातासमुद्रापार धंदा करायची हौस आहे, पण पदरचा पैसा घालायचा नाही? मग आंतरराष्ट्रीय उद्योजकतेचे अभ्यासक व्हा. सीमा दुसरे ओलांडतात, हात दुसऱ्यांचे पोळतात आणि बढती आपल्याला मिळते.

आधी व्याख्या पाठ करा. मॅक्डूगल आणि ओव्हिएट या दोन अभ्यासकांनी या उद्योजकतेची जी व्याख्या २००० साली केली, तिच्यात नावीन्य होतं, पुढाकार होता आणि जोखीम पत्करणंही होतं, तेही देशांच्या सीमा ओलांडून. २००५ साली त्याच दोघांनी ती नव्याने लिहिली. त्यात सीमेपलीकडच्या संधी शोधणं, घडवणं, पारखणं आणि त्यांचा लाभ उठवणं एवढं राहिलं. जोखीम गळली! ते वाचलं आणि हे क्षेत्र आपल्यासारख्यांसाठीच आहे, याची माझी खात्री पटली.

भांडायला वादही आयता मिळतो. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी सत्तरच्या दशकात चार स्वीडिश कंपन्यांचा इतिहास तपासला. त्यांच्यातल्याच योहान्सन आणि वाल्ने यांनी १९७७ साली त्यावर सिद्धान्त उभारला, की कंपनी परदेशात दबकत दबकत जाते. आधी आपल्यासारख्याच वाटणाऱ्या देशात, आधी एजंटामार्फत, मग स्वतःचं विक्री कार्यालय, कारखाना सर्वांत शेवटी. १९९४ साली ओव्हिएट-मॅक्डूगल म्हणाले, काही कंपन्या जन्मतःच जागतिक असतात. १९८१ साली निघालेली, संगणकाचे माउस बनवणारी लॉजिटेक घ्या, तिचे पाय पहिल्यापासून स्वित्झर्लंड आणि अमेरिका या दोन दगडांवर. तुम्ही कुठल्याही बाजूला उभे राहा, पण ‘दोघांचंही खरं आहे’ असं चुकूनही लिहू नका. निबंध ‘योगदान अस्पष्ट’ असा शेरा घेऊन परत येतो.

जन्मतः जागतिक कोणाला म्हणायचं, याची मोजपट्टी अनेक जण वापरतात तीच वापरा: स्थापनेपासून तीन वर्षांत किमान २५ टक्के विक्री परदेशात. एखाद्या बिचाऱ्याची २४ टक्के निघाली, तर तो धाडसी नव्हताच असं समजून पुढे चला.

खरी मजा प्रश्नावलीत आहे. ज्या माणसाचा माल कस्टममध्ये अडकलाय आणि ज्याला शुक्रवारी पगार करायचे आहेत, त्याला विचारा: ‘मी जोखीम घेण्यास तयार असतो. १ ते ७ पैकी निवडा.’ तो ६ वर खूण करतो. सगळेच ६ वर करतात. त्याच माणसाला, त्याच कागदावर, कंपनी कशी चालली आहे तेही विचारून घ्या. तिथेही ६. आता धाडस आणि यश यांचा घनिष्ठ संबंध सिद्ध झाला. (काही ठिकाणी प्रश्नावली नुकताच लागलेला इंटर्न भरतो. त्याचं धाडस मात्र ७ असतं.) आणि बुडालेल्या कंपन्या प्रश्नावली भरत नाहीत, हे तर आपल्यावर त्यांचे उपकारच. त्या बोलत्या झाल्या असत्या, तर धाडस त्यांच्याकडेही होतं असं कळून निम्मे निष्कर्ष पाण्यात गेले असते.

मुलाखतींचीही धास्ती घेऊ नका. एका संस्थापकाला मी विचारलं, पहिला परदेश हाच का निवडलात? तो म्हणाला, ‘मेहुणा राहतो तिथं.’ मी लिहिलं, ‘पूर्वस्थापित सामाजिक जाळ्याचा धोरणात्मक वापर.’ हसू नका, आधाराशिवाय लिहिलं नव्हतं. योहान्सन-वाल्ने यांनीच २००९ साली आपला जुना सिद्धान्त सुधारून सांगितलं, की मुख्य अडचण देश परका असण्याची नाही, तिथल्या ओळखीपाळखीच्या वर्तुळाबाहेर असण्याची आहे. मेहुण्याला हे आधीपासून ठाऊक होतं, पण त्याने निबंध लिहिला नाही.

वेगाची चिंता सोडा. कंपन्या परदेशात किती झपाट्याने जातात, यावरचा माझा निबंध चार वर्षं परीक्षकांकडे फिरत होता. दुसऱ्या परीक्षकाला प्रत्येक फेरीत नवी शंका यायची. छापून आला तेव्हा अभ्यासातल्या एका कंपनीचं नाव बदललं होतं आणि दुसरी विकली गेली होती. खुद्द ओव्हिएट-मॅक्डूगल यांच्या १९९४च्या त्या निबंधाला दशकाचा पुरस्कार मिळाला तो २००४ साली. पहिल्याच दिवशी जग गाठणाऱ्यांची दखल घ्यायची आमची ही चाल.

स्वतःची कारकीर्द मात्र उप्सालाच्या रीतीने चालवा. पहिली परिषद शेजारच्या देशात, दुसरी जिथे ओळखीचं कोणी आहे तिथे. नोकरी कायम होईपर्यंत विषय बदलू नका, झाल्यावर बदलायचं कारणच उरत नाही.

एक धोका तेवढा राहतो. एखाद दिवशी एखादा उद्योजक फोन करून विचारतो, ‘तुम्ही इतकी वर्षं हेच बघताय, मी आता त्या देशात शिरू का?’ गडबडू नका. ‘संदर्भावर अवलंबून आहे’ म्हणा आणि निबंध पाठवायचं कबूल करा. तुम्ही फाइल शोधेपर्यंत तो निर्णय घेऊन मोकळा झालेला असतो. वर्षभराने त्याला प्रश्नावली पाठवा. उत्तर आलं तर नमुन्यात धरा, नाही आलं तर गाळा.