दमास्कसच्या वस्तऱ्यालाही धार लावावीच लागते

दमास्कसच्या, म्हणजे लाटांसारखी नक्षी असलेल्या पोलादाच्या, वस्तऱ्यांच्या व्हिडिओंसोबत सध्या एक मजकूर फिरतो आहे: 'हे हरवलेलं प्राचीन पोलाद. यात कार्बन नॅनोट्यूब असतात. जितके थर जास्त तितकी धार तिखट. हा वस्तरा पुन्हा कधीही दगडावर घासावा लागत नाही.' मी असे वस्तरे हातानं घडवतो. हा मजकूर वाचून लोक माझ्याकडे येतात, म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

'प्राचीन पोलाद.' जुन्या दमास्कस तलवारींचं पोलाद म्हणजे वूट्झ. ते दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत बंद मुशीत वितळवून केलं जाई. आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम त्यासाठी नावाजलेलं होतं. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन असे आणि नक्षी धातूच्या पोटातच उमटे. मी करतो ते वेगळं. १०८४ आणि १५एन२० या आजच्या दोन पोलादांच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, टाकणखार टाकून भट्टीत तापवायच्या आणि घणाखाली एकजीव करायच्या. धातू खाणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवलं की १०८४ काळवंडतं, निकेल असलेलं १५एन२० चकाकतं. ही नक्षी सुंदरच असते, पण ती वूट्झ नव्हे. आणि वूट्झही पुरतं हरवलेलं नाही: धातुशास्त्रज्ञ वरहोवेन आणि लोहार पेंड्रे यांनी अमेरिकेत १९९०च्या दशकात ते पुन्हा घडवून दाखवलं.

'नॅनोट्यूब.' म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या. २००६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांना त्या दिसल्या, पण सतराव्या शतकातल्या वूट्झच्या तलवारीत. थरांच्या पोलादाला ते प्रमाणपत्र चिकटवता येत नाही.

'जास्त थर, जास्त धार.' इथे जरा हिशेब करू. पाठीकडे सहा मिलिमीटर जाडीत २४० थर धरले, तर एक थर सरासरी २५ मायक्रॉनचा झाला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचं टोक एका मायक्रॉनहूनही बारीक असतं. म्हणजे त्या टोकाशी थरांची करवत बनून धार तिखट व्हायला जागाच नाही. शिवाय जोडताना इतक्या उष्णतेत कार्बन एका थरातून दुसऱ्यात सरकत जातो आणि सगळीकडे जवळपास सारखा होतो. निकेल मात्र जागचं हलत नाही, म्हणून नक्षी टिकते. उलट थरांमध्ये कुठे जोड कच्चा राहिला आणि तो नेमका धारेवर आला, तर पातं वाया जातं. माझी अशी कितीतरी पाती तेलात पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करून कडक करताना, चिरली आहेत.

धार ठरते ती पाणी कसं दिलं, नंतर हलकं तापवून ताव (ठिसूळपणा) किती उतरवला आणि दगडावर हात कसा चालला यावर. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, म्हणून धारेचा कोन पाठीची जाडी आणि पात्याची रुंदीच ठरवतात: सहा मिलिमीटर पाठ आणि २१ मिलिमीटर रुंदी असेल तर साधारण साडेसोळा अंश.

'दगड नको' हा दावा मला सर्वांत घातक वाटतो. तो ऐकून माणूस बोथट वस्तरा गालावर ओढतो आणि कातडी सोलून घेतो. दगडावर घासताना पाठीवरची आणि धारेलगतची नक्षी पुसली जाते, तिथे चकचकीत पट्टी दिसते. ते पाहून 'नकली दिला' म्हणणारे भेटतात. त्यांच्यासमोर मी ती जागा पुन्हा फेरिक क्लोराइडनं ओली करतो. नक्षी परत उमटते. वरवर लेसरनं कोरलेली असेल तर उमटत नाही.

वस्तऱ्यासोबत मी चामड्याचा पट्टा देतो. दाढीआधी त्यावर तीसेक फेऱ्या, दाढीनंतर पातं कोरडं पुसून तेलाचा एक थेंब. १५एन२० मध्ये गंज रोखणारं क्रोमियम जवळपास नाहीच, ओलं राहिलं तर गंजतं.